तलफेवरचं औषध



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांनी या गावातल्या तीन पिढ्यांना शास्त्र शिकवलं. त्यांचं निधन फुप्फुसाच्या आजाराने झालं आणि त्या आजाराचं कारण सिगरेट होतं. हे व्यासपीठावरून बोलावं असं सरांच्या घरच्यांनीच सुचवलं. स्मृतिदिनी ही बाजू कशाला काढायची, असं मी त्यांना म्हणून पाहिलं. तेव्हा सरांच्या पत्नी म्हणाल्या, "त्यांनी किती वेळा सोडायचा प्रयत्न केला, ते तरी लोकांना कळू दे." म्हणून आज हा विषय घेतला आहे.

सरांनी पाडव्याला सिगरेट सोडली, आईच्या वर्षश्राद्धाला सोडली, नातीच्या बारशाला सोडली. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवसांत ती परत आली, आणि दर वेळी ते थोडे अधिक खजील झाले. १९७२च्या दुष्काळात ज्या माणसाने गावची शाळा एक दिवस बंद पडू दिली नाही, त्याच्या इच्छाशक्तीबद्दल शंका घ्यावी असं मला वाटत नाही. त्यांना शपथा घालणारे पुष्कळ भेटले. औषध घ्या, असं सांगणारा कुणी भेटला नाही. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: सिगरेट किंवा बिडी सोडण्यासाठी औषधं आहेत, ती चांगली तपासलेली आहेत, आणि ती न देता माणसाला नुसत्या निर्धारावर सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

निर्धाराला मी कमी लेखत नाही. पंढरीची माळ घातली आणि त्या दिवसापासून बिडीला हात लावला नाही, अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण अशी माणसं आपल्याला दिसतात, कारण ती यशस्वी झालेली असतात. जे पुन्हा टपरीवर गेले, ते कुणाला सांगत नाहीत. मोजदाद केली तर असं आढळतं, की कुठल्याही मदतीशिवाय धूम्रपान सोडणाऱ्या शंभर जणांपैकी एका प्रयत्नात सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाच असतात. उरलेले पंचाण्णव जण नेभळट असतात का? इतके नेभळट लोक कुठल्याही समाजात नसतात.

मग होतं काय? झुरका घेतला की निकोटिन फुप्फुसातून रक्तात उतरतं आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. शिरेत दिलेलं इंजेक्शनही मेंदूपर्यंत याहून लवकर जात नाही. तिथे पेशींवर निकोटिनला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. त्या भरल्या की डोपामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि माणसाला बरं वाटतं. एका सिगरेटचे दहा झुरके धरले, तर रोज पाकीटभर ओढणारा माणूस मेंदूला दिवसातून दोनशे वेळा आणि वर्षातून ७३ हजार वेळा हा धडा देतो. मेंदू त्याप्रमाणे बदलतो, त्या जागांची संख्या वाढवतो. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं. रात्रभराच्या झोपेत ते तळाला गेलेलं असतं आणि सकाळी त्या वाढलेल्या सगळ्या जागा रिकाम्या असतात. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं, उगाच रडू येणं, सारखी भूक, हे सगळं तिथून येतं. म्हणून मी पेशंटला 'दिवसाला किती?' याच्याही आधी 'सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने?' असं विचारतो. कार्ल फागरस्ट्रोम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्यातला हा सर्वांत कामाचा प्रश्न. तोंड धुण्याआधी, पाच मिनिटांच्या आत जो पेटवतो, त्याचं शरीर निकोटिनवर पक्कं बांधलेलं असतं. त्याला उपदेश करून उपयोग नाही, त्याला उपचार हवा.

आता निकोटिन जर गुलाम करणारं द्रव्य, तर तेच औषध म्हणून कसं द्यायचं? हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. लंडनचे डॉक्टर मायकेल रसेल यांनी १९७६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचं उत्तर लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस निकोटिनसाठी ओढतो, पण मरतो तो डांबराने. पान जाळल्यावर जो धूर निघतो त्यात डांबर असतं, कार्बन मोनॉक्साइड असतो, कॅन्सर करणारी कितीतरी रसायनं असतात. निकोटिनच्या च्युइंगममध्ये आणि पट्टीत यांपैकी काही नसतं. शिवाय निकोटिनची चटक लागते ती त्याच्या वेगामुळे. त्वचेवर लावलेल्या पट्टीतून ते तासा-तासाने चढतं, गममधून पंधरा-वीस मिनिटांत. धुराचा तो दहा सेकंदांचा झटका त्यात नाही, आणि रक्तातली पातळीही बहुधा ओढणाऱ्या माणसाच्या निम्म्याहून कमीच राहते. तलफ सोसण्याइतकी खाली येते आणि माणूस हाताची, तोंडाची, चहाबरोबरची, जेवणानंतरची सवय मोडायला मोकळा होतो. बारा आठवड्यांत मेंदूतल्या त्या वाढीव जागा हळूहळू पूर्वपदावर येतात. औषध तोवर सोबत करतं.

हा गम कसा जन्माला आला, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या ओळखीचं काहीतरी आहे. स्वीडनच्या पाणबुड्यांवर धूम्रपानाला बंदी असे. ओढणारे खलाशी बोटीवर असेपर्यंत तंबाखू चघळत आणि त्यांचं भागत असे. लुंड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांनी हे पाहिलं आणि १९६७ साली हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतले आपले मित्र ओव्हे फेर्नो यांना पत्र लिहिलं, की निकोटिन तोंडावाटे देऊन सिगरेट सोडवता येईल का ते पाहा. फेर्नो रसायनशास्त्रज्ञ होते आणि स्वतः भरपूर सिगरेट ओढत. त्यांच्यासमोर अडचण अशी होती, की नुसतं निकोटिन गममध्ये घातलं तर ते एकदम सुटतं, घसा जळतो आणि बरंचसं गिळलं जातं. पोटात गेलेलं निकोटिन यकृत बहुतांशी निकामी करून टाकतं. ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून शोषलं जायला हवं होतं. फेर्नोंनी दोन गोष्टी केल्या. निकोटिन एका राळेसारख्या पदार्थाला बांधलं, म्हणजे चावू तसतसं ते थोडं थोडं सुटेल. आणि गममध्ये सोड्याच्या जातीचे क्षार घातले, म्हणजे लाळ अल्कधर्मी होईल. तशा लाळेतूनच निकोटिन गालात शिरतं.

तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावणारा आपला शेतकरी हेच करत आला आहे. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटिन झपाट्याने अंगात भिनतं. नुसती तंबाखू चघळली तर 'लागत' नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. फरक असा, की त्या चिमटीत कॅन्सर करणारी नायट्रोसामाइनं असतात आणि चुन्याने गाल भाजून निघतो. फेर्नोंनी क्षाराची ही युक्ती ठेवली आणि पान काढून टाकलं. स्वीडनमध्ये हा खाऊ की औषध यावर बराच घोळ झाला. औषध म्हणून त्याला पहिली मान्यता १९७८ साली स्वित्झर्लंडने दिली. अमेरिकेत तो १९८४ साली आला.

आपल्याकडे हा गम मिळून बराच काळ झाला. २ मिलिग्रॅमचा केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्याला चिठ्ठी लागते. तरी 'डॉक्टर, गम खाऊन पाहिला, काही फरक पडला नाही' हे वाक्य मी सतत ऐकतो. आणि बहुतेक वेळा गम चुकीचा खाल्लेला असतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक माझ्याकडे आले होते. धाप लागत होती, बोलताना मधे थांबावं लागत होतं. गमची स्ट्रिप खिशातून काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, दोनच गोळ्या वापरलेल्या. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उचकी लागली, छातीत जळजळलं, दिला सोडून." मी म्हटलं, "माझ्यासमोर एक खाऊन दाखवा." त्यांनी गम तोंडात टाकला आणि लहान मुलं च्युइंगम चावतात तसा भराभर चावायला घेतला. मी त्यांना थांबवलं. विचारलं, "काका, गाडीवर असताना तंबाखूचा बार भरायचात का कधी?" त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "पंधरा वर्षं भरला." मी म्हटलं, "तो चावायचात?" "नाही, तो धरून ठेवायचा असतो."

गमही तसाच धरून ठेवायचा असतो. दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचा. जिभेला मिरमिरलं, मिरी चावल्यासारखं तिखट लागलं, की चावणं बंद. गम गालात, हिरडीच्या बाजूला सरकवून ठेवायचा. मिनिटभराने मिरमिर गेली की पुन्हा चार-दोन वेळा चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, कारण आंबटपणाने लाळेचा क्षार मरतो आणि निकोटिन गालात न शिरता पोटात जातं. उचकी आणि जळजळ त्यातूनच येते. त्या काकांनी माझ्यासमोर गम गालात धरला आणि दोन मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी सापडल्याचा भाव आला. त्यांना आणखी काही शिकवावं लागलं नाही.

दुसरी चूक प्रमाणाची. लोक दिवसाला दोन-तीन गम खातात, तेही तलफ डोक्यात गेल्यावर. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक, असं घड्याळ लावून घ्यायचं असतं. मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी, पुढचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. कवळी असेल तर गम तिला चिकटतो, तिथे चघळायची गोळी किंवा पट्टी बरी.

पट्टी रोज सकाळी एक, दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर लावायची, रोज जागा बदलायची. दहापेक्षा जास्त सिगरेट ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमची सहा आठवडे, मग १४ची दोन, मग ७ची दोन आठवडे. पट्टी ही पार्श्वभूमीची तलफ दाबते. अचानक उसळणारी, म्हणजे जेवणानंतरची, भांडणानंतरची, बसस्टँडवरची, ती दाबायला गम. दोन्ही एकत्र घेतली तर एकापेक्षा जास्त गुण येतो, हे आता पक्कं ठरलेलं आहे. पट्टी अंगावर असताना चुकून सिगरेट ओढली तर हृदय बंद पडतं, ही समजूत गावोगाव आहे आणि ती खोटी आहे. तिच्यामुळे लोक एक झुरका घेतल्याबरोबर पट्टी ओरबाडून काढतात आणि सगळा उपचारच टाकतात. पाय घसरला तरी पट्टी राहू द्या. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र स्वतःच्या मनाने काही घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं. आणि वापरलेली पट्टी, उरलेला गम लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. त्यांच्यासाठी निकोटिन विष आहे.

सोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात काय होतं, ते आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. आपल्याकडे पुरुषांची एक तक्रार हमखास असते, पण ती कुणी मोठ्याने बोलत नाही: बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. ही खरी गोष्ट आहे, निकोटिन आतड्याला चालना देतं, आणि सोडणाऱ्या दर सहा जणांत एकाला बद्धकोष्ठ होतो. केवळ याच कारणाने सकाळची एक बिडी चालू ठेवणारी आणि त्या एकीवरून परत बंडलावर जाणारी माणसं मी पाहतो. इसबगोल, पपई, भरपूर पाणी. तेवढं केलं तर महिन्या-दीड महिन्यात आतडं मार्गी लागतं. काहींच्या तोंडात फोड येतात आणि त्यांना वाटतं कॅन्सर झाला. ते पंधरा दिवसांत जातात. जे राहतात, ते दाखवायला हवेत.

चहाचं तर फार थोड्यांना ठाऊक असतं. सिगरेटच्या धुरातलं डांबर यकृताला भराभर काम करायला लावतं, त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातलं कॅफिन लवकर निघून जातं. धूर थांबला की यकृत आपल्या मूळ चालीवर येतं. मग तेवढ्याच कपांतलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुपटीने साठतं. माणूस तळमळतो, झोप लागत नाही, छाती धडधडते. त्याला वाटतं ही तलफ. सोडलेल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. हीच गोष्ट दम्यासाठीच्या थिओफायलिनच्या गोळ्यांना लागू आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. धूम्रपान थांबलं की त्या गोळीचं प्रमाण कमी करावं लागू शकतं. म्हणून तुम्ही बिडी सोडताय हे तुमच्या दम्याच्या डॉक्टरांना माहीत हवं. हे सगळं धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. गम खाल्ल्याने त्यात बदल होत नाही.

आता निकोटिन नसलेल्या गोळ्यांकडे येतो. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. लिंडा फेरी काम करत होत्या. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांना सिगरेटची गोडी राहत नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९९७ साली अमेरिकेत ते धूम्रपान सोडण्याचं औषध म्हणून मान्य झालं. ज्याला फिट येतात किंवा पूर्वी आलेल्या आहेत, त्याला ते देत नाहीत. सिगरेट सोडायच्या तारखेआधी आठवडा-दोन आठवडे ते सुरू करावं लागतं.

दुसरी कथा एका झाडाची आहे. युरोपात लॅबर्नम नावाचं झाड आहे, पिवळ्या फुलांचे घोस लोंबणारं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना, तेव्हा तिकडचे सैनिक या झाडाची पानं ओढत. त्यात सायटिसिन हे द्रव्य असतं आणि ते मेंदूतल्या निकोटिनच्याच जागांवर जाऊन बसतं. बल्गेरियाने १९६४ साली त्याची गोळी बाजारात आणली आणि पूर्व युरोपातले डॉक्टर चाळीस वर्षं ती देत राहिले. पश्चिमेने तिच्याकडे पाहिलं नाही. वॉर्सात ७४० जणांवर तिची नीट चाचणी झाली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभर सिगरेटपासून दूर राहिलेले गोळी घेणाऱ्यांत ८.४ टक्के, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत २.४ टक्के. पंचवीस दिवसांचा, स्वस्त उपचार. मला हे औषध विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या देशात बिडी स्वस्त आहे तिथे औषधही स्वस्तच लागेल.

याच सायटिसिनच्या रेणूवरून सुचलेलं औषध म्हणजे व्हॅरेनिक्लिन, २००६ साली आलेलं. ते निकोटिनच्या जागेवर अर्धवट बसतं. थोडं डोपामिन सुटत राहतं, म्हणून तलफ जाते. आणि जागा अडलेली असते, म्हणून कुणी सिगरेट ओढलीच तरी तिची मजा येत नाही. पेशंट येऊन सांगतात, "ओढली, पण कागद जळल्यासारखी लागली." पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, पुढचे चार दिवस दोन वेळा, आठव्या दिवशी सिगरेट बंद आणि एक मिलिग्रॅम दोन वेळा, एकूण बारा आठवडे. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. स्वप्नं ठळक पडतात. हे औषध डोकं बिघडवतं, आत्महत्येचे विचार आणतं, असा बोभाटा झाला होता आणि २००९ साली अमेरिकेत त्यावर काळ्या चौकटीतली ताकीदही आली. मग १६ देशांत ८,१४४ जणांवर चाचणी झाली, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले. २०१६ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला: पट्टीच्या किंवा बिनऔषधाच्या गोळीच्या तुलनेत असा धोका वाढलेला आढळला नाही, आणि सोडवण्यात व्हॅरेनिक्लिन सर्वांत पुढे. त्याच वर्षाअखेरीस ती ताकीद काढली गेली. पण भीती अजून गेलेली नाही, डॉक्टरांचीसुद्धा.

किती उपयोग होतो, हे फुगवून सांगणार नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या, तर औषधाविना शंभरातले साधारण सहा जण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतात. पट्टी आणि गम जोडीने दिले तर बारा. व्हॅरेनिक्लिन दिलं तर चौदा. म्हणजे सर्वांत चांगलं औषध घेऊनही बहुतेकांना पहिल्या फेरीत यश येत नाही. हे ऐकून निराश होऊ नका. रक्तदाबाची एक गोळी लागू पडली नाही तर आपण दुसरी देतो, पेशंटला खोटारडा म्हणत नाही. इथेही तेच करायचं: औषध बदलायचं, जोडी करायची, मुदत वाढवायची, पुन्हा तारीख ठरवायची. आणि औषधाबरोबर बोलणारं कुणी असलं तर गुण आणखी वाढतो. महिन्याने 'कसं चाललंय' म्हणून आलेला एक फोनही कामाचा असतो.

मिळणारं फळ मोठं आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१पासून पन्नास वर्षं ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला. धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने ती जवळजवळ सगळी दहा वर्षं परत मिळवली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. सभागृहात साठीच्या पुढचे बरेच जण आहेत. तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी.

आपल्या देशाचं चित्र वेगळं आहे, ते डोळ्यांआड करता येत नाही. भारतात सिगरेटपेक्षा बिडी जास्त ओढली जाते. बिडी सौम्य, पानातली, म्हणून निरुपद्रवी, हे साफ चूक आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सहा वर्षांनी, बायकांचं आठ वर्षांनी आणि सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांचं दहा वर्षांनी घटलेलं आढळलं. गमच्या वेष्टनावरचा हिशेब सिगरेटचा असतो. बिडी ओढणाऱ्याने मी मघाशी सांगितलेला सकाळचा प्रश्न स्वतःला विचारून प्रमाण ठरवावं. आणि महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते, तर तंबाखू, मिशरी, गुटखा, खर्रा तोंडात धरणारे चोवीस होते. त्यांच्यासाठी निकोटिनच्या गमचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही. व्हॅरेनिक्लिनचा त्यापेक्षा बरा आहे. पण औषध नाही असं समजून त्यांनी घरी बसू नये. तोंड उघडायला त्रास होतोय, गालात पांढरा चट्टा आहे, तर आधी तोंड दाखवावं. ई-सिगरेटबद्दल विचारणाऱ्या तरुणांना एवढंच सांगतो, की २०१९पासून आपल्याकडे तिच्यावर कायद्याने बंदी आहे आणि चोरून मिळणाऱ्या नळीत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि त्यावर मला मनापासून राग येतो. निकोटिनचे गम आणि पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ साली गेल्या. ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन २०२१ साली. आपल्या राष्ट्रीय यादीत निकोटिनचे उपचार २०२२ साली आले. ब्रिटनमध्ये २००१पासून सरकारी डॉक्टर हे चिठ्ठीवर लिहून देतात. इथे बिडीचं बंडल आणि दिवसभराचा गम यांच्या किमती शेजारी ठेवा. तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाने विष स्वस्तात घ्यायचं आणि उतारा महाग घ्यायचा, हे कुठल्या न्यायात बसतं? प्राथमिक आरोग्य केंद्रात टीबीची गोळी जशी विनामूल्य आणि मोजून मिळते, तसा हा बारा आठवड्यांचा उपचार मिळाला पाहिजे. टीबीच्या पेशंटने बिडी सोडली नाही तर त्याची टीबीची गोळीही नीट लागू पडत नाही, हे त्या केंद्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे जिल्हा परिषदेचे सदस्य बसले आहेत. त्यांना माझी ही जाहीर विनंती समजावी.

घरात ओढणारं माणूस असेल त्यांच्याशी दोन शब्द बोलतो आणि थांबतो. आज घरी जाऊन त्याला शपथ घालू नका, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावू नका. पुढच्या पंधरा दिवसांतली एक तारीख त्याच्याकडूनच ठरवून घ्या. तारखेआधी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि 'गम, पट्टी की गोळी?' असा सरळ प्रश्न विचारा. डॉक्टर टाळाटाळ करू लागले तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जवळ डॉक्टर नसेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करा. हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. २०१८पासून तो सिगरेटच्या पाकिटावर आणि बिडीच्या बंडलावर छापलेला असतो.